वाटायची नाही, चिरायची

आमच्या ओट्याखालच्या तिसऱ्या खणात पुड्यांचं एक संस्थान आहे. पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगॅनोच्या, चिली फ्लेक्सच्या, कुठल्याशा विमानातून उचलून आणलेल्या मिरपुडीच्या. टाकवत नाहीत आणि वापरल्याही जात नाहीत. मागच्या डिसेंबरात भाच्याने गच्चीवर शेगडी पेटवायचा घाट घातला आणि "मावशी, तुझी ती अर्जेंटिनावाली हिरवी चटणी हवी हं," असं फर्मान काढलं, तेव्हा मी आधी तो खण उघडला. चार पुड्या फाडून हुंगल्या. पुडीवर बारीक अक्षरांत 'सीझनिंग' असं लिहिलं होतं, म्हणजे ओरेगॅनोबरोबर मीठ आणि आणखी बरंच काही. खण बंद केला आणि मंडईत निघाले.

तिला चटणी म्हणायचं की नाही, इथूनच वाद सुरू होतो. तिचं नाव चिमिचुरी. स्पॅनिशमध्ये ती 'तो' आहे, एल चिमिचुरी. मी पहिल्या दिवसापासून तिला स्त्रीलिंगी करून टाकलं, कारण हिरवं, ओलं, वाटीत आणि जेवणाच्या कडेला म्हणजे माझ्या डोक्यात चटणीच. ज्यांनी मला ती शिकवली ते आजोबा तीन वर्षं माझं व्याकरण सुधारत राहिले आणि मी तीन वर्षं तीच चूक करत राहिले. आता तर सुधारायला इथे जवळ कोणी नाही, त्यामुळे चिमिचुरी आमच्या घरात कायमची 'ती' झाली आहे.

२०१४ साली नवऱ्याची बदली ब्युनोस आयरेसला झाली. बोएदो नावाच्या जुन्या वस्तीत आम्हाला वरच्या मजल्याच्या दोन खोल्या मिळाल्या. खाली घरमालक आजोबा, त्यांची मुलगी आणि नातवंडं. मागे लांबट अंगण, अंगणात एक लिंबाचं झाड आणि भिंतीला टेकून विटांची एक भलीमोठी चूल. तिला तिथे 'पारीशा' म्हणतात. पुण्यात स्पॅनिशच्या वर्गात हाच शब्द मी 'पारिया' असा घोकला होता, पण ब्युनोस आयरेसवाले 'य'च्या जागी 'श' म्हणतात. पहिले दोन महिने मला वाटायचं की माझी सगळी फी पाण्यात गेली.

दर रविवारी अकराच्या सुमाराला खालून लाकडाचा धूर यायला लागायचा. आम्ही राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच रविवारी आजोबांनी जिन्याखालून हाक मारली, "नेना! जेवायला खाली या." नेना म्हणजे पोरी. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते.

जाण्याआधी मी एक गोष्ट स्पष्ट करायचं ठरवलं. आम्ही घरात मटण, कोंबडी, मासे सगळं खातो. गाईचं मांस मात्र खात नाही. यामागे फार मोठा विचार नाही, लहानपणापासून नाही तर नाही. मी जमवून जमवून वाक्य तयार केलं, "आम्ही 'कार्ने' खात नाही." कार्ने म्हणजे मांस, असं मला शब्दकोशाने सांगितलं होतं. आजोबांचा चेहरा उतरला. मग ते म्हणाले, "बरं, मग कोंबडी करतो." मी चकित. तिथे नुसतं 'कार्ने' म्हटलं की गाईचंच मांस. कोंबडी म्हणजे कोंबडी, डुक्कर म्हणजे डुक्कर. त्यांची गणना 'कार्ने'त होत नाही. शाकाहारी माणसाला कौतुकाने हॅमचं सँडविच देतात, ते याच हिशेबाने. म्हणजे मी शब्द चुकीचा वापरला होता आणि निरोप मात्र अगदी बरोबर पोचला होता.

तर त्या चुलीच्या जाळीचा डाव्या बाजूचा एक कोपरा आमच्यासाठी राखीव झाला. त्यावर कोंबडीची तंगडी, अख्खी ढोबळी मिरची आणि कधी प्रोव्होलेता, म्हणजे प्रोव्होलोन चीजची जाड चकती, वर ओरेगॅनो भुरभुरून थेट जाळीवर भाजलेली. चोरिसो निव्वळ डुकराचा असेल तर तोही, कारण बहुतेक चोरिसोंत गाईचं मांस मिसळलेलं असतं. आजोबा खाटकाला विचारून वेगळे आणायचे. (गोव्यातला शोरीस आणि हा चोरिसो हे चुलतभाऊ. एक पोर्तुगिजांच्या बोटीतून उतरला, दुसरा स्पॅनिशांच्या. चवीने मात्र दोघे एकमेकांना ओळखणार नाहीत.)

भाजण्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर चटणीचा मुद्दा कळणार नाही. आपल्याकडे 'बार्बेक्यू' म्हटलं की आदल्या रात्री दही, आलं-लसूण, तिखट, गरम मसाला असं सगळं चोळून मांस फ्रीजमध्ये मुरत ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी जाळावर धरायचं. आसादो, म्हणजे तिथलं निखाऱ्यांवर मांस भाजणं, याच्या बरोब्बर उलटा. मांसाला फक्त जाड मीठ. लाकूड चुलीत एका बाजूला वेगळं जळत असतं. लाकूड शक्यतो केब्राचोचं. नावाचा अर्थच कुऱ्हाडतोड्या, इतकं ते कठीण. जळून निखारे झाले की ते लांब दांड्याने ओढून जाळीखाली पसरायचे. ज्वाळा मांसाला लागताच कामा नये. आजोबा जाळीच्या उंचीवर हात धरून मनातल्या मनात आकडे मोजायचे आणि हात ओढून घेईपर्यंत किती मोजले त्यावरून निखारे वाढवायचे की कमी करायचे ते ठरवायचे. फासळ्यांचा तुकडा हाडाची बाजू खाली करून तासभर तसाच. हलवायचा नाही, टोचायचा नाही, सारखा उलटापालटा करायचा नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझे हात शिवशिवत होते. आपल्याकडे कढईसमोर उभं राहून ढवळलं नाही तर स्वयंपाक केल्यासारखं वाटतच नाही. इथे आसादो करणारा माणूस दोन तास निखाऱ्यांकडे बघत वाइन पितो आणि शेवटी सगळे मिळून त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात. "आसादोरसाठी टाळ्या!" असं कोणीतरी ओरडतं आणि खरोखरच वाजवतात. भरल्या वांग्यांना आमच्याकडे कोणी टाळ्या वाजवल्याचं मला आठवत नाही.

आणि मग टेबलावर पाव, सॅलड आणि काचेच्या बरणीत ती.

त्या पहिल्या रविवारी माझं स्पॅनिश 'धन्यवाद', 'छान', 'बस'च्या पुढे जात नव्हतं. बारा-तेरा माणसं एकाच वेळी बोलत होती, फुटबॉलवर असावं. मी टेबलाच्या टोकाला बसून पाव तोडत होते आणि तो त्या बरणीतल्या हिरव्या तेलकट प्रकारात बुडवून खात होते. कोंबडी यायला अजून वेळ होता. अर्धी बरणी मी एकटीने संपवली. आजोबांच्या मुलीने ते पाहिलं, उठली आणि दुसरी बरणी आणून माझ्यासमोर ठेवली. बोलली काहीच नाही.

चव कशी होती? आंबट, लसणाची, थोडी कडसर, मागून सावकाश येणारी मिरची. पण तिखट म्हणावं असं नाही. माझ्या जिभेला वाटलं, यात काहीतरी राहून गेलंय.

दुसऱ्या रविवारी मी ते राहिलेलं घालून नेलं.

कोथिंबीर मिळवायला मला शहर ओलांडावं लागलं होतं. ब्युनोस आयरेसच्या रोजच्या भाजीवाल्याकडे ती सहसा नसते. बेलग्रानोच्या चायनाटाउनमध्ये मिळते किंवा पार पश्चिमेला लिनिएर्सच्या बोलिव्हियन बाजारात. तिथून दोन जुड्या आणल्या, हिरव्या मिरच्या आणल्या. आलं, लसूण, लिंबू, जिरं आणि किंचित साखर घालून मिक्सरमधून गुळगुळीत काढलं. रंग असा झाला की फोटो काढावा. मोठ्या ऐटीत वाडगा टेबलावर ठेवला. आजोबांनी पावाला लावून खाल्लं. त्यांचे कान लाल झाले. ग्लासभर पाणी प्यायले, नातवाच्या कोकाकोलाचा एक घोट घेतला आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, "रिको, नेना. पेरो एस ओत्रा कोसा." छान आहे, पोरी. पण ही वेगळी गोष्ट आहे.

'ओत्रा कोसा'. त्या तीन वर्षांत मी हे शब्द इतक्यांदा ऐकले की आता मराठी बोलतानाही तोंडून निघतात. वाईट आहे असं ते कधी म्हणत नसत. वेगळी गोष्ट आहे, असं म्हणायचे आणि दार हळूच लोटून घ्यायचे.

मग एका शनिवारी संध्याकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. शनिवारी, कारण ती आदल्या दिवशी करायची असते.

पार्सलीची एक मोठी जुडी, चपट्या पानांची. ती धुऊन, झटकून, फडक्यावर कोरडी करत ठेवली होती आणि या कोरडं करण्यावर त्यांनी मला चांगली पाच मिनिटं सुनावलं. ओल्या पानावर सुरी फिरवली की पान चिरलं जात नाही, चेचलं जातं; पाटावर हिरवं पाणी सुटतं आणि चव त्या पाण्यातच निघून जाते. मी मिक्सरकडे बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली. वाटायची नाही, चिरायची. पान दाताखाली आलं पाहिजे.

पुढे मी याबद्दल बरंच वाचलं, तेव्हा आजोबांच्या हट्टामागचं कारण कळलं. लसणाचा उग्रपणा पाकळी अख्खी असताना तिच्यात तयार नसतोच. पेशी फुटल्या की आतलं एक विकर दुसऱ्या एका द्रव्याला भेटतं आणि त्यातून तो झणझणीत वास जन्माला येतो. जितक्या जास्त पेशी फोडाल तितका उग्र. मिक्सर सगळ्याच फोडतो. शिवाय आंबट पदार्थ त्या विकराला थोपवतो, म्हणून चिरलेल्या लसणावर लगेच व्हिनेगर ओतलं तर तो सौम्य राहतो. दहा मिनिटं थांबून ओतलं तर चढलेला असतो. आजोबा लगेच ओतायचे. त्यांना विकर-बिकर काही ठाऊक नव्हतं, "नाहीतर सोमवारी कोणी जवळ उभं करत नाही," एवढंच त्यांचं शास्त्र.

प्रमाण त्यांनी हाताने दाखवलं, मी नंतर वाट्यांत बसवलं. चिरलेली पार्सली दाबून एक वाटी. लसणाच्या चार-पाच पाकळ्या; तिथल्या पाकळ्या अंगठ्याएवढ्या, त्यामुळे आपला गावरान लसूण असेल तर दहा-बारा. वाळका ओरेगॅनो मोठा चमचाभर, तळहातावर चुरडून. 'आही मोलीदो', म्हणजे भरड कुटलेली लाल मिरची, तेवढीच. रेड वाइनचं व्हिनेगर पाव वाटी, तेल अर्धी वाटी. आणि पाव वाटी कोमट पाण्यात विरघळवलेलं चमचाभर जाड मीठ.

या मिठाच्या पाण्याकडे माझं सुरुवातीला दुर्लक्ष झालं होतं. आधी वाळका ओरेगॅनो आणि मिरची त्या कोमट पाण्यात भिजत घालायची. पंधरा मिनिटांत ती फुगते, रंग सोडते, वास मोकळा होतो. मग व्हिनेगर, लसूण, पार्सली आणि सगळ्यात शेवटी तेल. थेट तेलात घातलेलं वाळकं पान तेलाचं कवच पांघरून कोरडंच राहतं. आपण फोडणीत जिरं-मोहरी गरम तेलाने जागी करतो, इथे जागं करायचं काम पाण्याचं. फोडणी नाही, आच नाही, काही नाही. सगळं कच्चं, आणि रात्रभर बरणीत.

तेल कुठलं म्हणाल तर साधं सूर्यफुलाचं. परदेशी पाककृतींत हटकून ऑलिव्ह ऑइल लिहिलेलं असतं, पण आजोबांच्या घरात ऑलिव्ह ऑइल सॅलडवर. त्याची स्वतःची चव पार्सलीच्या अंगावर चढते, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटलेलं आहे. मला तर मौजच वाटली. माझ्या आईच्या किटलीतही सूर्यफुलाचंच तेल. आपल्या देशात ते आयात होतं, त्यात काही अर्जेंटिनाचंही असतं. पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन मी स्वयंपाकघरात घरचीच बाटली उघडत होते.

घरच्या आणखीही काही खुणा तिथे सापडत गेल्या. कोपऱ्यावरचा भाजीवाला पिशवी भरून झाली की वर पार्सलीच्या चार काड्या खोचायचा, पैसे न घेता. या वरच्या फुकटच्या भागाला ते 'यापा' म्हणतात (त्यांच्या उच्चारात 'शापा'), मूळ केचुआ भाषेतला शब्द. मी पहिल्यांदा पैसे पुढे केले तर तो हसला. मला मंडईतली वरची कोथिंबीर-मिरची आठवली. आता आपल्याकडे ती फुकट मिळते की नाही हे तुम्ही कुठे राहता त्यावर आहे, पण ज्या पाल्याची इतकी सवय झाली की त्याचे पैसे मागायला विकणाऱ्यालाच संकोच वाटावा, असा पाला प्रत्येक गावात एखादा असतो बहुधा. कोथिंबीर आणि पार्सली वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच कुळातल्या. जिरं, ओवा, बडीशेप, गाजर हेही त्याच घरचे.

एका एप्रिलमध्ये आम्ही वायव्येला साल्ता प्रांतात हिंडलो. काची गावाच्या आसपास डोंगरउतारांवर लाल मिरच्या उन्हात पसरलेल्या होत्या. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्च्यांवर असतात तशाच, फक्त इथे गच्चीच्या जागी अख्खा डोंगर आणि मागे बर्फ. मी हौसेने एक तुकडा तोंडात टाकला आणि निराश झाले. गोडसर! बहुतेक अर्जेंटिनी माणसांना तिखट सोसत नाही. माझ्या चटणीने आजोबांचे कान का लाल झाले ते मला तिथे नीट कळलं.

आता नावाची गंमत. हा शब्द आला कुठून, याचा पक्का पुरावा कोणाकडे नाही आणि त्यामुळे प्रत्येकाकडे एक गोष्ट आहे. आजोबांची गोष्ट बास्क. त्यांचे आजोबा बास्क, घोड्यावरून दूध विकायला फिरत. त्या काळी ब्युनोस आयरेसच्या गवळ्यांत बास्क पुष्कळ. बास्क भाषेत 'त्शिमित्शुरी' म्हणजे असंच इकडचं-तिकडचं एकत्र केलेलं, आपल्या भाषेत गोपाळकाला. त्यांची मुलगी सांगायची, कोणी जिमी मॅककरी नावाचा इंग्रज की आयरिश होता, त्याच्या नावाचा अपभ्रंश. त्या जिमीला कोणी पाहिलेलं नाही. तिसरी गोष्ट मात्र मला चिडवायला सगळे मिळून सांगायचे. इंग्रज युद्धकैदी मांसावर टाकायला काहीतरी मागत होते आणि त्यांच्या मोडक्या स्पॅनिशमधून निघालं 'चे, मी करी', म्हणजे 'अरे, माझी करी'. "तेव्हा नेना, हे शेवटी तुमचंच!"

मी म्हणायचे, आमच्याकडे करी नसते. रस्सा असतो, कालवण असतं, आमटी असते. पण एका रिकाम्या दुपारी मी सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये गेले. तिथे ७१व्या हायलँड रेजिमेंटचे, म्हणजे ब्रिटिश फौजेतल्या एका स्कॉटिश पलटणीचे, झेंडे जपून ठेवलेले आहेत. १८०६ साली ब्रिटिश सेनापती बेरेसफर्डच्या हाताखाली या पलटणीने ब्युनोस आयरेस घेतलं आणि १२ ऑगस्टला शहराने ते परत घेतलं. झेंडे राहिले, माणसं कैदेत गेली. हीच पलटण १७९२मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात होती. आणि त्या वेढ्यात इंग्रजांच्या बाजूने टिपूविरुद्ध हरिपंत फडक्यांचं मराठी सैन्यही होतं. म्हणजे त्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या स्कॉटिश शिपायाने आपल्या माणसांच्या छावणीतला वास घेतलेला असू शकतो. असू शकतो, एवढंच. बास्क गोष्टच जास्त खरी वाटते. पण त्या झेंड्यांसमोर उभं राहून मला उगाचच ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं.

हेही सांगून टाकते की आजोबांची चिमिचुरी ही काही एकमेव नव्हे. शेजारच्या घरात ढोबळी मिरची बारीक चिरून घालायचे, कोणी तमालपत्र घालतं, कित्येक घरांत ताजी पार्सली नसतेच. वाण्याकडून वाळका तयार मिश्रणाचा पुडा आणायचा आणि पाणी-व्हिनेगर-तेल घालून मोकळं व्हायचं. कोस्तानेरा या नदीकाठच्या रस्त्यावरच्या गाड्यांवर चोरिपानवर, म्हणजे पावात घातलेल्या चोरिसोवर, जी ओततात ती अशीच असते आणि भूक लागलेली असताना अप्रतिम लागते. उलट काही कट्टर लोक उत्तम मांसावर ती घालूच देत नाहीत. चांगल्या तुकड्याला मीठ पुरे, चिमिचुरी चोरिसोला, असा त्यांचा कायदा. आजोबा अर्धे त्यांच्यातले. स्वतःच्या ताटात ते चिमिचुरी अगदी कडेला घ्यायचे, मांसाला लागू न देता, आणि पाव बुडवून खायचे. माझ्यासारखीच.

२०१७मध्ये आम्ही पुण्याला परतलो.

इथे ती जमवायला मला सहा-सात वेळा हरावं लागलं. पार्सली मंडईत 'इंग्लिश भाज्या' विकणाऱ्यांकडे मिळते, पण बरेचदा कुरळ्या पानांची. ती दिसायला गोड आणि खायला गवत. चपट्या पानांची मागून ठेवावी लागते. व्हिनेगरचं आणखी कठीण. वाण्याकडचं पांढरं व्हिनेगर नुसतं नाकात जातं, त्याला आंबटपणा आहे आणि चव नाही. रेड वाइनचं मिळतं, पण महाग. मग गोव्याहून आलेल्या मैत्रिणीने माडाच्या सुरेचं व्हिनेगर आणून दिलं, विंदालूला वापरतात ते. ते घातल्यावर पहिल्यांदा चव ओळखीच्या गल्लीत वळली. तीच नव्हे, पण त्याच गल्लीत. चिली फ्लेक्स फार जाळतात, म्हणून ब्याडगी मिरची बिया काढून खलबत्त्यात भरड कुटते. ओरेगॅनो वाळकाच, पण चांगला आणि नुसता. एकदा तो संपला तेव्हा कुंडीतल्या पानओव्याचं एक पान बारीक चिरून घातलं, ज्याची आपण भजी करतो तेच. ओरेगॅनोतला वासाचा मुख्य भाग त्यातही असतो. एक पान पुरे, दोन घातली तर खोकल्याच्या काढ्याची आठवण येते.

पाहुण्यांचं मत मात्र दर वेळी एकच. "छान आहे, पण काहीतरी कमी आहे." मोठे दीर चाट मसाला शोधतात. नणंदेने एकदा माझ्यादेखत लिंबू पिळलं. मी कोणाला काही म्हणत नाही. पूर्वी मीही कोथिंबीर घेऊन शहर ओलांडून गेलेच होते.

तर त्या डिसेंबरातल्या रविवारच्या गच्चीसाठी मी शनिवारी संध्याकाळी पार्सली फडक्यावर पसरली आणि सुरी शोधायला लागले. आमच्या सगळ्या सुऱ्या बोथट, हा घरचा जुना रोग. आई खाली बसून शेंगा सोलत होती. बऱ्याचशा सोलून झाल्यावर म्हणाली, "आण इकडे." विळी ओढली, पाय दुमडून बसली, जुडी डाव्या मुठीत घट्ट आवळली आणि पात्यावर सरकवत गेली. सर्र, सर्र. पात्याखाली ताटलीत हिरवा भुगा पडत होता, केसासारखा बारीक, कोरडा. एक थेंब पाणी सुटलं नाही. मी बघत राहिले. बोएदोमध्ये तीन वर्षं मी त्या आजोबांच्या सुरीचं कौतुक करत होते.

"कसला पाला गं हा?" आईने एक चिमूट चावून बघितली. "वास नाही त्याला. कोथिंबीर का नाही घालत?"

रविवारी भाच्याने कोंबडीला आदल्या रात्रीच दही-तिखट चोळलेलं निघालं. तरी एक तुकडा मी त्याच्याकडून नुसता मीठ लावून घेतला आणि कडेच्या निखाऱ्यांवर चाळीस मिनिटं ठेवला. दहा जणांनी येऊन तो उलटायचा प्रयत्न केला. तो कसा झाला याबद्दल मी लिहिणार नाही, कारण खाणारी मी एकटीच होते.

बरणीत निम्मी उरली. ही फ्रीजमध्येच ठेवायची, लसूण तेलात असल्यामुळे बाहेर ठेवायची नाही, आणि आठवड्याच्या आत संपवायची. दुसऱ्या दिवसापासून हिरवा रंग शेवाळी होत जातो. आंबटाने पानातलं हरितद्रव्य बदलतं, त्याला इलाज नाही. चव मात्र त्या दुसऱ्या दिवशीच सगळ्यात चांगली.

सोमवारी सकाळी आठला उठून स्वयंपाकघरात आले तर आई ओट्याजवळ उभी. तव्यावर ज्वारीची भाकरी, ताटलीत कालच्या बरणीतला चमचाभर आणि वर कच्चा कांदा. भाकरीचा तुकडा त्यात बुडवत होती. मला बघून म्हणाली, "भाकरीबरोबर बरं लागतंय." मी मोबाइल काढला, आधी विळीचं आणि मग या भाकरीचं असं चित्रण करून बोएदोला पाठवलं. तिकडे रविवारच्या रात्रीचे साडेअकरा. अर्जेंटिनात ही जेवण नुकतं उरकल्याची वेळ. पाच मिनिटांत आजोबांचा आवाज आला, मुलीच्या फोनवरून, पूर्वीपेक्षा घोगरा. विळी त्यांनी दोनदा बघितली म्हणे. पातं कुठल्या लोखंडाचं आहे ते विचारा. बाई हुशार आहे. एल चिमिचुरी रंगाने तरी बरोबर दिसतोय. आणि मग, थांबून, "पण नेना, मांस कुठंय?"

मी आईला भाषांतर करून सांगितलं. तिने भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

"त्यांना म्हणावं, आज सोमवार आहे."

ते मी त्यांना कसं सांगावं या विचारात पडले. तिथे अजून रविवारच चालू होता.